ऑरिनचं बिऱ्हाड

माझ्या भावाला कुठूनही पुरतं उठून यायला कधी जमलंच नाही. ऑरिन त्याचं नाव. लहानपणी मावशीकडे राहायला गेला की एक मोजा हमखास तिथेच विसरून यायचा, आणि मग तो मोजा आणायच्या निमित्ताने पुन्हा जायचा. कागदाच्या गिरणीत जन्म काढला, निवृत्त झाला, निरोपाचा केक खाल्ला आणि जेवणाचा डबा गिरणीतच ठेवून आला. तो आणायला म्हणून पुढे वर्षभर गिरणीत चकरा मारत होता. आई म्हणायची, या पोराचा एक पाय कायम मागच्या घरात असतो. मी आर्डिस, त्याची थोरली बहीण. शेजारच्याच घरात राहते, नवरा गेल्यापासून एकटी. तेव्हा या गुणाचा ताप सगळ्यात जास्त कोणाला झाला असेल ते सांगायला नको.

अशा माणसाने लग्न केलं ते पुलापलीकडच्या बाईशी. आमचं हॅडली मिल्स नदीच्या या काठाला, अमेरिकेतल्या मेन राज्यात. त्या काठाला सेंट ब्रेंडन, ते कॅनडात. मध्ये एक पूल आणि पुलाच्या दोन टोकांना दोन देशांच्या चौक्या. तिकडची माणसं पेट्रोल भरायला इकडे येतात, इकडची तिकडे चर्चला जातात, त्यात काही नवल नाही. ग्लेनिस मॅकविकर तिकडच्या शाळेची बस चालवायची. ऑरिनने पन्नाशी ओलांडल्यावर तिच्याशी लग्न केलं. तेव्हा तिच्याकडे म्हातारे वडील होते, म्हणून तिला इकडे येता येईना. त्याची गिरणी इकडे, म्हणून त्याला तिकडे जाता येईना. मग ठरलं की रात्रीचं जेवण एकत्र, झोपायला ज्याने त्याने आपल्या घरी, आणि बर्फाचं वादळ आलं तर मुक्काम. पुढे वडील गेले, गिरणी सुटली, तरी रीत तीच राहिली.

अठरा-एकोणीस वर्षं हे चाललं. तेवढ्या वर्षांत ऑरिनने तिच्या घरी साधा एक शर्ट ठेवला नाही. दातांचा ब्रशसुद्धा खिशात घालून न्यायचा आणि खिशात घालून परत आणायचा. चौकीवरची माणसं त्यावरून त्याची थट्टा करायची, आणि हा त्यांच्याबरोबर हसायचा. ग्लेनिसला ते फार लागायचं. पण तीही काही कमी नव्हती. तिच्या घराची दर्शनी खोली वडील गेल्यापासून बंद होती. त्यांची खाट, त्यांचं कपाट, मासे धरायचे गळ, सगळं जिथल्या तिथे. ऑरिनने यायचं ते मागच्या दाराने, स्वयंपाकघरात ती दाखवील त्या खुर्चीवर बसायचं, जेवायचं, भांडी पुसायची आणि निघायचं. मी दोघांनाही तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही लग्न केलेलं नाही, खानावळ काढली आहे. दोघंही हसली. घाई काय आहे, असं त्यांना वाटायचं.

मग ती साथ आली आणि पूल बंद झाला. आमच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. नदी इथे अरुंद आहे. संध्याकाळी ऑरिन घडीची खुर्ची घेऊन या काठावर बसायचा आणि ग्लेनिस त्या काठावर. मांडीवर ताटल्या घेऊन दोघं समोरासमोर जेवायची. वारा नसला तर ओरडून बोललेलं ऐकू जायचं, पण ओरडून माणूस बोलणार तरी काय? औषध घेतलंस का, छपरावरचा बर्फ काढलास का, एवढंच. मी खिडकीतून बघायचे आणि माझा जीव तुटायचा. कित्येक महिने असे गेले. आमच्या गावात त्या दोघांची कौतुकं झाली, फोटो निघाले. मला मात्र राग यायचा, की एवढी वर्षं पूल उघडा होता तेव्हा काय केलंत?

पूल उघडला तशी जेवणं पुन्हा सुरू झाली. ऑरिनला वाटलं, संपलं एकदाचं, आता पहिल्यासारखं. पण ग्लेनिस पहिल्यासारखी राहिली नव्हती. तिने त्याला तिकडे कायम राहता यावं म्हणून सरकारी कागद करायला लावले. त्यात बराच काळ गेला. परवानगी आली त्या दिवशी मीही जेवायला होते. ताटं उचलून झाल्यावर ती म्हणाली, "ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ये. जेवणाआधी. यायचं तर बिऱ्हाड घेऊन ये. मागे काही ठेवायचं नाही, सुईसुद्धा नाही. आणि ते जमत नसेल तर जेवायलाही येत जाऊ नकोस, ऑरिन. खिडकीशी उभी राहून वाट बघायचं माझं वय गेलं."

ती ओरडली नाही की रडली नाही. नुसतं सांगितलं आणि भांडी घासायला घेतली. ऑरिनने नेहमीसारखा पुसायचा कपडा उचलला. पुलावरून परत येताना मी त्याला म्हटलं की बाबा रे, ही धमकी नाही, ही खरंच कंटाळली आहे. तो म्हणाला, कळतंय. पण कळणं आणि उठणं यात ऑरिनच्या बाबतीत फार मोठं अंतर असतं.

तरी तो लागला खरा तयारीला. पोर्टलंडचं एक तरुण जोडपं त्याचं घर घ्यायला तयार होतं. सह्या सोमवारी व्हायच्या होत्या, पण त्यांना भिंती रंगवायची घाई, म्हणून किल्ली शनिवारी संध्याकाळी देतो असा शब्द ऑरिनने दिला होता. आता शब्द म्हणजे काही सही नव्हे. सोमवारपर्यंत तो मागे फिरू शकत होता, आणि माझ्या भावाला मी ओळखते. शनिवारी किल्ली त्याच्या हातातून सुटेपर्यंत माझा भरवसा नव्हता.

शुक्रवारी तो भाड्याचा ट्रक घेऊन आला. केवढा तो ट्रक. पलीकडच्या गावातल्या पंपावर सोडायचा होता. दोन शेजारी मदतीला आले आणि दिवसभर भरणं चाललं. मी स्वयंपाकघर बांधत होते, म्हणून बाहेर काय चाललंय तिकडे माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी बघते तर घर रिकामं आणि ट्रक छतापर्यंत गच्च. आईचं भांड्यांचं कपाट, पलंग, तीन दिवे, कोणी कधी न उघडलेली पेटी, मोडका पंखा, सगळं आत. म्हटलं, शाबास, निदान या वेळी मोजा राहिला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मी शेजारी बसले होते. ऑरिनने एवढं मोठं वाहन जन्मात चालवलं नव्हतं, त्यामुळे तो पुलावर शिरला तेव्हा मागच्या गाड्यांची रांग लागली. पुलावरून ग्लेनिसचं घर दिसतं. तिच्या खिडकीचा पडदा सरकलेला होता. वाट बघणार नाही म्हणणारी बाई खिडकीशी उभी होती, आणि मला इतकं बरं वाटलं की मी ऑरिनला कोपरखळी मारली.

पलीकडच्या चौकीवर डफी नावाचा अधिकारी होता. ऑरिनला तो रोज बघणारा. त्याने कागद पाहिले, अभिनंदन केलं, आणि सामान काय काय आहे ते विचारलं. ऑरिनने सांगितलं. आणखी काही? असं डफीने सहज विचारलं. तेव्हा माझ्या भावाने छाती काढून सांगितलं, "आणि मेपलचं जळण आहे. चांगलं दोन वर्षं वाळवलेलं. एक लाकूड ओलं निघालं तर नाव बदलीन."

मी कपाळावर हात मारून घेतला. जळणाचं लाकूड सरहद्दीपार नेता येत नाही हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. लाकडात किडा असतो, तो जंगलच्या जंगल खातो. ऑरिनलाही ठाऊक होतं. तळ्यावर सहलीला जाणाऱ्या लोकांना तोच चार उपदेश करायचा. पण ते जळण वेगळं आणि हे वेगळं, असं त्याच्या डोक्यात. आमच्याकडे माणसाची किंमत त्याच्या घरामागच्या लाकडांच्या थप्पीवरून करतात. थप्पी सरळ, वाळलेली, छपराखाली असेल तर माणूस भला. लग्न ठरवताना मुलीचा बाप आधी मागच्या दारी जाऊन थप्पी बघून यायचा. त्यामुळे ऑरिनच्या लेखी ते जळण नव्हतंच, तो त्याचा हिवाळा होता, आणि घर हलवताना माणूस हिवाळा मागे कसा ठेवील?

डफी बिचारा खरोखर ओशाळला. पण तो काय करणार? म्हणाला, ऑरिन, हे ऐकलं ते ऐकलं नाही असं मला करता येत नाही. लाकूड तिकडे उतरवून ये, मग बाकीचं सामान घेऊन ये. पण घोडं पुढेच अडलं होतं. जड सामान पुढे घालावं म्हणून लाकूड आमच्या बैठकीच्या पाठीला लागून, अगदी आत, आणि त्याच्या वर आणि मागे सगळं घर. लाकूड काढायचं तर घर उतरवायला हवं.

मी ऑरिनला म्हटलं, "कशाला रे घेतलंस मेल्या?"

तो म्हणाला, "तिला तो माणूस दर वर्षी ओलं लाकूड विकतो. धूर होतो घरात. ती खोकते."

अख्ख्या ट्रकमध्ये ग्लेनिससाठी म्हणून घेतलेली तेवढी एकच वस्तू होती, आणि नेमकी तीच आत जात नव्हती.

ट्रक वळवायला त्या चौकीच्या आवारात त्याला खूप खटपट करावी लागली. मागे, पुढे, पुन्हा मागे. आणि हे सगळं ग्लेनिसच्या खिडकीतून दिसत होतं. तिला काय दिसलं असेल? नवरा बिऱ्हाड घेऊन दारापर्यंत आला आणि दारातूनच फिरला. आम्ही पुन्हा पुलावर आलो तेव्हा मी मान वळवून पाहिलं. पडदा ओढलेला होता. घरी पोचल्या पोचल्या मी तिला फोन लावला आणि घाईघाईने लाकडाचं सांगायला लागले. तिने शेवटपर्यंत ऐकूनसुद्धा घेतलं नाही. मी पाहिलं, आर्डिस, म्हणाली, आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना.

मग आम्ही उतरवायला लागलो. शेजारी होते नव्हते ते आले. पलंग, कपाट, पेट्या, गाद्या, दिवे, सगळं घर अंगणातल्या गवतावर. लाकूड निघालं तेव्हा दुपार झाली होती. ऑरिनने ते घरामागे नेऊन छपराखाली पुन्हा थप्पी लावली, आणि ती कशी? तर दोरी लावल्यासारखी सरळ. मी ओरडत होते की नुसतं टाक आणि चल, पण वाकडी थप्पी लावणं त्याच्या हातून होईना. ते झालं आणि तो अंगणात आला. त्याने स्वतः केलेली एक झुलती खुर्ची गवतावर होती, तिच्यावर बसला. ऊन छान पडलं होतं. समोर त्याचं घर, डाव्या हाताला माझं, सगळ्या ओळखीच्या वस्तू भोवताली. त्याने डोळे मिटले. मला तिथे धडकी भरली.

"ऑरिन, ऊठ. जेवणाआधी पोचायचंय."

"हे सगळं पुन्हा भरायचं म्हणजे रात्र होईल गं. उद्या जाऊ. पूल काही पळून जात नाही."

"पूल नाही जात. ती जाईल."

त्याच्या तोंडावर तो मोजा विसरल्याचा भाव होता. मी त्याला जन्मापासून बघते आहे, मला चुकणार नाही. खरं सांगायचं तर एक क्षण माझ्याही मनात आलं की राहू दे. राहू दे इथेच. शेजारी दिवा लागलेला दिसतो रोज रात्री, तो दिसत राहील. पण असं मनात आलं म्हणून मलाच माझा राग आला, आणि तो राग मी त्याच्यावर काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात एक गाडी थांबली.

आता शनिवारी अंगणात सामान मांडलेलं दिसलं की ते विकायला काढलेलं आहे, असा आमच्या राज्यात अर्थ होतो. पाटी लागत नाही. लोक सबंध दिवस अशी अंगणं हुडकत फिरतात. गाडीतून एक जाडजूड बाई उतरली, सरळ आत आली, एक दिवा उचलून उलटासुलटा केला आणि याचं काय घ्याल म्हणून विचारलं. मी तिला फाडकन सांगणार होते की बाई, हे बिऱ्हाड आहे, बाजार नाही. पण ऑरिन त्या दिव्याकडे बघत होता. बराच वेळ बघितलं त्याने.

"मी हा का नेत होतो गं, आर्डिस?" तो म्हणाला. "तिच्याकडे दिवे आहेत."

"तिने बिऱ्हाड घेऊन ये म्हटलं म्हणून."

"मागे काही ठेवू नकोस म्हणाली ती. मागे ठेवायचं नाही, एवढंच. ते न नेताही होतं." मग त्या बाईला म्हणाला, "घेऊन जा. तसाच न्या."

ती बाई काही क्षण त्याच्याकडे संशयाने बघत राहिली. फुकट म्हटलं की आमच्याकडचा माणूस आधी वस्तूला तडा कुठे आहे ते शोधतो. पण नेला तिने दिवा, आणि जाताना वाटेत कोणाकोणाला सांगितलं देव जाणे. पाठोपाठ दुसरी गाडी थांबली, मग तिसरी. पलंग गेला. गाद्या गेल्या. मोडका पंखासुद्धा एका माणसाने आनंदाने नेला. ऑरिन त्या खुर्चीत बसून नुसतं न्या, न्या, म्हणत होता. सुरुवातीला त्याचा आवाज अडखळत होता. पुढे पुढे तो उठून लोकांना वस्तू गाडीत ठेवायला मदत करायला लागला. एका पोरसवदा जोडप्याला त्याने जेवणाचं टेबल दिलं आणि त्याचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा लावा, हेही सांगितलं.

मी किती बोलले म्हणून सांगू. वेडा झालास का, आईबापांनी जमवलेलं उधळतोयस का, हात रिकामे घेऊन तिच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार आहेस? तो आपला लोकांच्या गाड्या भरत राहिला. आईचं भांड्यांचं कपाट एका माणसाने धरलं तेव्हा मात्र मी आडवी झाले. म्हटलं, याला हात लावाल तर याद राखा. ते मी दोघा शेजाऱ्यांकडून माझ्या ओसरीवर ठेवून घेतलं. ऑरिन म्हणाला, बरं झालं, ते तुझंच होतं. आणि असं म्हणून तो मान फिरवून उभा राहिला, तेव्हा मला दिसलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. माझ्याही आलं. आम्ही दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं, कारण आमच्या घरात तशीच पद्धत आहे.

उन्हं कलली तशी ती पोर्टलंडची दोघं किल्लीसाठी आली. अंगण बघून गोंधळली. ऑरिन त्यांना घेऊन घरामागे गेला, थप्पी दाखवली, कुठल्या बाजूने काढायला घ्यायचं ते समजावलं. त्यांनी जन्मात शेगडीत लाकूड घातलेलं नसावं, पण मान डोलावत होती. मग त्याने किल्ली काढली. मी बघत होते. त्याच्या त्या जाड बोटांतून ती किल्ली निघेचना. शेवटी त्या दोघांतल्या मुलीच्या तळहातावर ठेवली आणि वर तिची मूठ स्वतःच्या हाताने मिटवली. मग तो एकदाही घराकडे न बघता ट्रकमध्ये जाऊन बसला.

ट्रकमध्ये काय होतं? कपड्यांची ट्रंक, हत्यारांची पेटी, बूट, आणि ती झुलती खुर्ची. ती वाचली, कारण दुपारभर बहुतेक वेळ तिच्यावर तो स्वतःच बसला होता. तेवढ्या मोठ्या ट्रकमध्ये ते सामान असं घरंगळत होतं की पुलावर आम्हाला लाजल्यासारखं झालं. डफी अजून कामावर होता. त्याने मागचं दार उघडून आत डोकावलं आणि आमच्याकडे पाहिलं. सकाळचं घर कुठे गेलं, हे त्याने विचारलं नाही. नियमाने जे विचारायचं असतं तेवढंच विचारलं, की याखेरीज मागाहून काही सामान येणार आहे का? आता सांगितलं नाही तर पुढे आणता येणार नाही.

ऑरिन म्हणाला, "नाही. मागे काही नाही."

मी शेजारीच बसले होते, आणि मी तर मागेच राहणार होते. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पण शब्द बदलला नाही. बदलला असता तर मी त्याला तिथेच चापट मारली असती.

ग्लेनिसच्या दाराशी पोचलो तेव्हा नुकतं अंधारायला लागलं होतं. स्वयंपाकघरात उजेड होता. शनिवारची रात्र, म्हणजे काकवी घालून दिवसभर शिजवलेला घेवडा, त्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. ऑरिन मागच्या दाराकडे निघाला आणि मधेच थांबला. मग वळून पुढच्या दारी गेला. त्या दाराने तो कधीच गेलेला नव्हता. त्याने दार ठोठावलं.

ग्लेनिसने उघडलं. डोळे सुजलेले होते, पण मान ताठ. ती त्याच्या बाजूने खाली उतरली, ट्रकच्या मागे गेली, आणि इतकी वर्षं बस चालवलेल्या हातांनी ते जड दार एका झटक्यात वर केलं. आत पाहिलं. ट्रंक, पेटी, बूट, खुर्ची.

"बाकीचं?"

"दिलं लोकांना."

"घर?"

"किल्ली देऊन आलो."

"मग तिकडे काय राहिलं?"

"आर्डिस राहिली," ऑरिन म्हणाला. "बाकी काही नाही. परत जायला आता निमित्तच नाही गं माझ्याकडे, ग्लेनिस."

ती ट्रकच्या मागच्या फळीवर बसली. इतकी कणखर बाई, वडिलांच्या अंत्यविधीलाही जिने रुमाल काढला नव्हता, ती दोन्ही हातांत तोंड घालून हमसून हमसून रडली. ऑरिनला काय करावं कळेना, तो तिच्या खांद्याजवळ हात नेऊन तसाच उभा. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि म्हणाली की सकाळी ट्रक फिरला तेव्हा तो सगळा घेवडा कुत्र्याला घालणार होते मी.

मी म्हटलं, "तुझ्याकडे कुत्रा कुठाय?"

"आणणार होते," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

मग तिने आम्हाला आत नेलं आणि दर्शनी खोलीचं दार उघडलं. मी दारातच थबकले. खोली रिकामी होती. वडिलांची खाट नाही, कपाट नाही, गळ नाहीत. जमीन घासून लख्ख केलेली, भिंतींना नवा रंग, खिडकीला नवे पडदे. एवढं मोठं घर येणार म्हणून तिने उन्हाळाभर एकटीने ती खोली मोकळी केली होती आणि आम्हाला कोणाला अक्षर सांगितलं नव्हतं. आता तिथे ठेवायला एक खुर्ची होती.

"एवढी जागा केली तुझ्यासाठी," ती त्याला म्हणाली, "आणि आलास हे घेऊन."

ऑरिनने खुर्ची दोन्ही हातांनी धरून आत आणली. खोलीच्या मध्यावर येऊन थांबला आणि तिच्याकडे वळून विचारलं, कुठे ठेवू?

"मला काय विचारतोस?" ग्लेनिस म्हणाली. "तुझं घर आहे."

त्याने खिडकीकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं. ती खुर्ची त्याला खाली ठेवता येईना. मोठा जाडजूड माणूस, खुर्ची पोटाशी धरून तसाच उभा राहिला. ग्लेनिस आत गेली, स्वयंपाकघरातली आपली खुर्ची उचलून घेऊन आली, आणि ती खिडकीशी ठेवून तिच्यावर बसली. मग त्याने आपली तिच्या शेजारी टेकवली.

जेवायला थांब, असं मला दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही. एरवी एवढ्यावरून मी वर्षभर बोलून दाखवलं असतं. त्या दिवशी मी माझा कोट उचलला, बाहेर आले, आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.